घाईला क्रम लावणारे हात

अपघात दिसला की माणूस धावत सुटतो. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या, म्हणजे ईएमटीच्या प्रशिक्षणात सुरुवातीलाच ही धाव थांबवतात. धावायचं नाही, भराभर चालायचं. धापा टाकत पोचलेल्याला समोरच्याचा श्वास मोजता येत नाही. पेशंटपाशी पोचण्याआधी चार पावलांवर थांबायचं आणि नजर फिरवायची. विजेची तार लोंबतेय का? पेट्रोल सांडलंय का? उलटलेल्या टेम्पोची चाकं अजून हलतायत का? मागून येणाऱ्या गाड्यांना आपण दिसतोय का? जमाव चिडलेला आहे का? मग मोठ्या आवाजात म्हणायचं, “सीन सेफ.” ग्लोव्हज घातलेले हात दाखवायचे. त्यानंतरच गुडघे टेकायचे.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात मी हे वर्ग बसून पाहिले. प्रशिक्षकांच्या परवानगीने सरावातही उतरले, नंतर त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर कॅज्युअल्टीत आणि अँब्युलन्समध्ये गेले. वर्गात नाना तऱ्हेची माणसं होती. बारावी सायन्स करून नोकरी शोधणारी मुलं, जीएनएम झालेल्या दोन सिस्टर, कारखान्याच्या सेफ्टी विभागातला एक मधल्या वयाचा गृहस्थ, गावी शववाहिका चालवलेला एक ड्रायव्हर. पुस्तकं इंग्रजीत आणि शिकवणं मराठीत. पोट दुखणाऱ्या आजीला प्रश्न मराठीतच विचारायचे असल्यामुळे ते बरंच होतं.

महाराष्ट्रात 108ची सेवा 2014 साली सुरू झाली, तेव्हा ताफ्यात 937 अँब्युलन्स होत्या. त्यांपैकी 233 अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, बाकीच्या 704 बेसिक लाइफ सपोर्टच्या. आपल्याकडे या गाड्यांवर डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला, आणि गाडी चालवणाऱ्याला सगळे ‘पायलट’ म्हणतात. इतर अनेक राज्यांत हेच काम ईएमटी करतात. आपल्याकडे ते खासगी रुग्णालयांच्या अँब्युलन्सवर, कारखान्यांत, मोठ्या बांधकामांवर, मॅरेथॉन आणि यात्रांच्या वैद्यकीय पथकांत दिसतात. गाडीवर पाटी कुठलीही असो, रुग्णालयाच्या दारापर्यंतचा काळ गाडीवरच्या माणसाच्या हातात असतो.

या प्रशिक्षणात औषधांची नावं फार नाहीत आणि निदानाचा हव्यासही नाही. शिकवला जातो तो क्रम. प्रशिक्षक एका मुलाला जमिनीवर झोपवतात, दुसऱ्याला म्हणतात, “कर असेसमेंट.” मग हात आणि तोंड दोन्ही चालू लागतं. खांद्यावर थोपटून हाक: “काका, ऐकू येतंय का?” उत्तर आलं तर तो पूर्ण जागा. नुसत्या हाकेने डोळे उघडले तर एक पायरी खाली. चिमटा काढल्यावरच हलला तर आणखी खाली. काहीच नाही तर तळ. त्याच वेळी नजर रक्तावर. भळभळणारं रक्त दिसलं तर सगळं सोडून आधी तिथे थेट दाब. हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना तर जखमेच्या चार बोटं वर आवळपट्टा, म्हणजे टूर्निके, आणि त्यावर वेळ लिहायची. मग श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास कसा चाललाय, नाडी मनगटाला लागते का, कातडी गार-ओलसर आहे का. नखावर दाब देऊन सोडला की गुलाबी रंग 2 सेकंदांच्या आत परत यायला हवा.

हे सगळं मिनिटभरात व्हायचं असतं. गंमत नाही ही. पहिल्या आठवड्यात मुलं नाडी बघायला लागली की श्वास विसरतात, श्वास मोजायला लागली की पेशंट काय बोलला ते हरवतं. प्रशिक्षक रागवत नाहीत. “पुन्हा,” एवढंच म्हणतात. दिवसभर ते ‘पुन्हा’ ऐकू येत राहतं. हळूहळू हात क्रम धरतात. सिन्नरकडून आलेली एक मुलगी सुरुवातीला प्रत्येक पायरी पुटपुटायची. काही दिवसांनी तिचे ओठ हलायचे थांबले आणि तिची नजर पेशंटच्या चेहऱ्यावर टिकू लागली. या प्रशिक्षणाचं मर्म मला तिथे कळलं. क्रम हाताला लागला की डोकं मोकळं होतं, आणि मोकळ्या डोक्यालाच समोरचं वेगळं काही दिसतं.

सीपीआरचा सराव हा सगळ्यात दमवणारा भाग. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची ही पद्धत कोवेनहोवन, जूड आणि निकरबॉकर या तिघांनी जॉन्स हॉपकिन्समधून 1960 साली जगापुढे मांडली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या ऑस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने सरावासाठी ‘अ‍ॅनी’ नावाची बाहुली बाजारात आणली. तिच्याच वंशातल्या बाहुल्या आज जगभरच्या वर्गांत जमिनीवर मांडलेल्या दिसतात.

दाब छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर द्यायचा. मोठ्या माणसाला किमान 5 सेंटिमीटर खोल, पण 6च्या वर नाही. मिनिटाला 100 ते 120. तीस दाब, दोन श्वास. आकडे पाठ व्हायला वेळ लागत नाही, अंगात उतरायला लागतो. कोपरं ताठ, खांदे तळव्यांच्या बरोब्बर वर, जोर दंडातून नाही तर कमरेतून. जात्यावर दळणारी बाई नुसत्या हाताने दळत नाही, अख्खं अंग झुलवते, तसं. दाब दिल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय भरतं ते त्या सुटीत. बाहुलीच्या पोटातलं यंत्र योग्य खोलीला ‘टक्’ करतं. पहिल्या मिनिटाला सगळ्यांचे ‘टक्’ एका लयीत येतात. दीड मिनिटानंतर ते विरळ होतात, आणि दाब देणाऱ्याला मात्र आपण अजून तेवढंच खोल दाबतोय असं वाटत असतं. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमला असो वा नसो, बदलायचाच.

इथेच एक गोष्ट प्रशिक्षक फार जीव तोडून सांगतात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं पेशंट कधीकधी अधूनमधून आचके देत तोंडाने हवा ओढतो. घरघर ऐकू येते. नातेवाईक म्हणतात, “श्वास चालू आहे हो!” तो श्वास नसतो. कॅज्युअल्टीच्या भाषेत पेशंट ‘गॅस्पिंग’ असतो. हाकेला ओ नाही आणि श्वास असा आचक्यांचा, तर वाट न पाहता छातीवर हात. प्रशिक्षकांनी मोबाइलवर त्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं तेव्हा वर्ग गप्प झाला. कारखान्यातले गृहस्थ हळूच म्हणाले, “हा आवाज मी ऐकलाय.”

मग हातात येते अंबू बॅग. रबराची फुगीर पिशवी, पुढे मास्क. दिसायला सोपी. एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायचा. अंगठा-तर्जनीचा ‘सी’ मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली ‘ई’सारखी. दुसऱ्या हाताने पिशवी दाबायची. छाती उचललेली दिसली की बास. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांतून एक श्वास. घाबरलेला हात पिशवी जोरात आणि भराभर दाबतो, मग हवा फुप्फुसांऐवजी पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते आणि श्वासमार्गातच जाते. म्हणून पिशवी दाबणाऱ्याने आकडे मोजत राहायचं. इथेही शिकवण्यातला मोठा भाग आवरण्याचा.

या पिशवीचं मोल मला मण्यारीच्या धड्यात समजलं. महाराष्ट्रात विषारी साप म्हटलं की चार नावं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पैकी मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. जागेवर ना सूज, ना फार वेदना. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, घसा धरल्यासारखं वाटतं, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नाही, पित्त झालं असेल. पापण्या मिटत जातात आणि त्याच विषाने पुढे श्वासाचे स्नायू थकतात. डोळे उघडता येत नसले तरी असा माणूस आतून जागा असू शकतो. प्रतिविष रुग्णालयात मिळतं, पण तिथे पोचेपर्यंत कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घ्यायला हवा असतो. पाच सेकंद, एक दाब. पाच सेकंद, एक दाब. घाटातल्या वळणांवरून तास-तासभर.

त्यासोबतच न करायच्या गोष्टींची यादी येते. ब्लेडने चिरायचं नाही. तोंडाने ओढायचं नाही. दोरी करकचून बांधायची नाही, आणि आधीच बांधून आणली असेल तर वाटेत झटकन सोडायची नाही. अंगठी, जोडवी, कडं काढून घ्यायचं, कारण सूज वाढली की ते रुततं. हातपाय मोडल्यावर फळी बांधतात तसा तो अवयव स्थिर करायचा, पेशंटला चालवायचं नाही. मांत्रिकाकडे नेऊन आणलेला पेशंट असेल तर नातेवाइकांशी वाद घालायचा नाही; किती वाजता चावला आणि काय लावलं, एवढं विचारून गाडी हलवायची.

हे काम डॉक्टर नसलेल्या माणसाला शिकवता येतं, हे एकेकाळी कुणालाच पटत नव्हतं. साठच्या दशकापर्यंत अमेरिकेतही अँब्युलन्स म्हणजे स्ट्रेचर टाकलेली गाडी. ती अनेक ठिकाणी अंत्यविधीच्या कंपन्या चालवत, पिट्सबर्गमध्ये पोलीस. डॉ. पीटर साफार हे पुनरुज्जीवनशास्त्रातलं मोठं नाव. 1966 साली दम्याच्या झटक्याने त्यांची मुलगी गेली. पुढच्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत ‘फ्रीडम हाउस’ अँब्युलन्स सेवा उभी राहिली. भरतीत बेकार तरुण होते, काहींचं शिक्षण अर्धवट सुटलेलं. शहराने त्यांना नोकरीलायक मानलं नव्हतं. साफारनी त्यांना सुमारे 300 तासांचं प्रशिक्षण दिलं: शरीररचना, सीपीआर, प्रथमोपचार, रुग्णालयातली ड्यूटी. ती मुलं अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पॅरामेडिकांपैकी ठरली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या आणि तिथल्या अनुभवातून पॅरामेडिकांचं पाठ्यपुस्तक तयार झालं. 1975 साली महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. प्रशिक्षकांनी ही हकिगत सांगितली तेव्हा शववाहिका चालवलेला तो ड्रायव्हर कान देऊन ऐकत होता. मृतांना नेणाऱ्या गाडीवरून जिवंतांना वाचवणाऱ्या गाडीवर येण्याचा तो प्रवास त्याचाही होता.

भारतात 108ची सुरुवात 2005 साली आंध्र प्रदेशात, हैदराबादहून झाली. मुंबईत त्याच सुमारास 1298 या क्रमांकाची सेवा काही तरुण मित्रांनी उभी केली. मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षित माणसं लागतात हे आपल्याकडे तेव्हापासून दिसायला लागलं.

हात बसले की विचारणं शिकवतात. पेशंटला किंवा घरच्यांना काय काय विचारायचं याची इंग्रजी आद्याक्षरांची सूत्रं पुस्तकात असतात: लक्षणं, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, जुने आजार, शेवटचं खाणंपिणं, आणि हे होण्याआधी काय चाललं होतं. सूत्र पाठ असूनही उत्तर मिळत नाही, कारण घरात कल्लोळ असतो. पक्षाघाताचंच घ्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून रुग्णालय पहिलं विचारतं: शेवटचे धडधाकट कधी दिसले होते? घरचे सांगतात, “सकाळपासून असंच आहे.” एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही. प्रशिक्षकांनी सरावात प्रश्न असे फिरवून दाखवले: “दूधवाला आला तेव्हा बोलले का त्याच्याशी? चहाचा कप कुठल्या हातात धरला होता? पूजा केली का आज? पेपर कुणी उचलून आणला?” त्या घराच्या दिवसातूनच वेळ सापडते. पेपर आजोबांनी स्वतः दारातून आणला होता, म्हणजे साडेसहाला ठीक होते. हे नाव-गाव-वेळेसकट लिहून घ्यायचं आणि गाडीतूनच रुग्णालयाला कळवायचं.

आणखी एक सराव माझ्या लक्षात आहे. प्रशिक्षक स्वतः पेशंट झाले. शर्टाची बटणं उघडी, पाय लटपटतायत, तोंडातून शिव्या, घामाने चिंब. आजूबाजूला उभे केलेले ‘बघे’ ओरडत होते, “टाकलीय साहेब त्याने, राहू द्या!” सिन्नरची मुलगी पुढे झाली. गोड बोलत त्यांना कट्ट्यावर बसवलं, बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरची पट्टी लावली. प्रशिक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलेला आकडा पुढे केला: 38. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलेला माणूस होता तो. गिळता येतंय याची खात्री करून तिने साखरेचं पाणी पाजलं. नंतर प्रशिक्षकांनी फळ्यावर एकच नियम लिहिला: वागणं बदललेल्या प्रत्येक माणसाची शुगर बघायची. दारूचा वास आला तरी बघायची. माणसाबद्दल घाईने केलेलं मत त्याच्या जिवावर बेततं, हे इतक्या थेटपणे शिकवणारे वर्ग मी फार पाहिलेले नाहीत.

उचलणं ही वेगळीच विद्या. मणक्याला मार बसल्याची शंका असेल तर डोक्याशी बसलेला माणूस मुख्य. मान त्याच्या दोन हातांत, हुकूम त्याचा. “तीनवर. एक, दोन, तीन.” तिघं मिळून पेशंटला एका कुशीवर वळवतात, डोकं-मान-पाठ एका रेषेत, मागून फळी सरकते, पुन्हा तीनवर खाली. हेल्मेट काढायलाही दोघं लागतात. एक मान धरतो, दुसरा हेल्मेटच्या कडा फाकवत काढतो. मग मुंबईच्या चाळीतला जिना येतो, जिथे स्ट्रेचर वळतच नाही. तिथे खुर्चीवर पट्ट्यांनी बांधून, एक वर, एक खाली, खालचा पाठमोरा. आणि नंदुरबार-गडचिरोलीकडे जिथे गाडीच पोचत नाही, तिथे आजही पेशंट झोळीतून रस्त्यापर्यंत येतो. अशा झोळीतून आलेल्या माणसाला पहिल्यांदा बघणारा बऱ्याचदा गाडीवरचाच माणूस असतो, त्यामुळे झोळी उतरवण्याचाही सराव होतो.

ऑक्सिजनचं गणित फळ्यावर येतं तेव्हा मुलांना शाळा आठवते, पण ते गणित घाटात जीव राखतं. बी-टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला 10 लिटर दिला तर 150 मिनिटं. काटा शून्यावर येऊ द्यायचा नाही म्हणून त्याहून कमी धरायची. धडगावहून नंदुरबारला निघालात, सिलिंडर अर्धा आहे, वाटेत दरड आली, तर काय? हिशोब निघण्याआधी करायचा असतो. म्हणून प्रत्येक ड्यूटीची सुरुवात गाडी तपासण्याने. सिलिंडरचा दाब, त्याची चावी जागेवर, सक्शन मशीन चार्ज, अंबू बॅगेचे लहान-मोठे मास्क, एईडीचे, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, पॅड, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, प्रसूतीचा किट, औषधांच्या तारखा. यादी घेऊन, हात लावून, सही करून. ‘काल बघितलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

प्रसूतीच्या धड्याला मुलं लाजत आत येतात आणि गंभीर होऊन बाहेर पडतात. रस्त्यात बाळ येतंच. डोकं येताना हलका आधार द्यायचा, ओढायचं नाही. बाळ आलं की कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांना झाकायचं. बाळ रडत असेल तर नाळ लगेच कापायची घाई नाही; मिनिटभर तरी थांबून मग दोन चिमटे, मधोमध कात्री. वार पडायला अर्धा तास लागू शकतो, तोवर नाळ खेचायची नाही. बाळाची नाडी, श्वास, रंग, स्नायूंचा ताण आणि प्रतिसाद यांना व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी 1952 साली घालून दिलेल्या पद्धतीने पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला गुण द्यायचे.

सगळ्यात कठीण दिवस होता तो सामूहिक अपघाताच्या सरावाचा. मैदानावर एसटी उलटल्याचा देखावा, गळ्यात चिठ्ठ्या अडकवलेले ‘जखमी’. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे 1983 साली तयार झालेली, जखमींची निकडीप्रमाणे रंगांत वर्गवारी करणारी ‘स्टार्ट’ ही पद्धत वापरायची. पहिली हाक: “ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडापाशी या.” ते हिरवे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला मिनिटभराहून जास्त वेळ नाही. श्वास नाही तर मान मागे करून वाट मोकळी करायची. श्वास आला तर लाल, तरीही नाही तर काळी पट्टी, पुढे सरकायचं. श्वास मिनिटाला 30च्या वर, किंवा नखाचा रंग यायला 2 सेकंदांहून जास्त, किंवा साधं सांगितलेलं कळत नाही, तर लाल. बाकीचे पिवळे. सीपीआर करायचं नाही, कारण एकापाशी बसलात तर चार जण जातात. जो जोरात ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी बघायचं. एका मुलाच्या वाट्याला काळी पट्टी लावायचं काम आलं. समोर खोटा जखमी होता, चिठ्ठी कागदाची होती, तरी त्याचे हात थरथरले. प्रशिक्षक त्याच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “हात थरथरणारच. तरी पट्टी लागली पाहिजे.”

त्यानंतर प्रत्यक्ष गाडी. वर्गात शिकलेलं तिथे डळमळतं. स्टेथोस्कोप कानाला लावला तर इंजिन, सायरन आणि खड्डेच ऐकू येतात. तेव्हा कफ फुगवून मनगटावर बोट ठेवायचं आणि हवा सोडताना नाडी जिथे परत लागते तो वरचा आकडा घ्यायचा. रुग्णालयाच्या दारात पेशंट ‘शिफ्ट’ करताना सांगण्यालाही क्रम असतो: वय, घटनेची वेळ, काय घडलं, काय जखमा दिसल्या, बीपी-नाडी-श्वास, आपण काय केलं. अर्ध्या मिनिटात, स्पष्ट आवाजात, ज्याला सांगतोय त्याच्या डोळ्यांत बघून. कॅज्युअल्टीतली अनुभवी सिस्टर अशा सांगण्यावरूनच ओळखते की आलेला मुलगा शिकलेला आहे.

नातेवाइकांशी बोलण्याचा तास वेळापत्रकात छोटा होता, पण प्रशिक्षकांनी तो लांबवला. “काही होणार नाही” असं वचन द्यायचं नाही. काय करतोय ते साध्या शब्दांत सांगत राहायचं: “काकू, त्यांना ऑक्सिजन लावलाय, आपण आता निघतोय, तुम्ही पुढे बसा, जुने कागद बरोबर घ्या.” माणूस गेलेला असेल तर ‘ऑफ झाले’, ‘सीरियस आहे’ असली आडवळणं नकोत. माणूस गेल्याचं सरळ सांगणारं वाक्य उच्चारण्याचा सराव जोडीजोडीने, समोरासमोर बसून होतो. काही जणांना ते पहिल्यांदा जमत नाही. घरी कुणाचं तरी जाणं आठवतं. अशा वेळी वर्ग थांबतो, पाणी दिलं जातं, पुन्हा सुरू होतो.

एवढं शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना समाज काय देतो, हा प्रश्न मला टोचत राहिला. 2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, या व्यवसायाला आरोग्य व्यवसायांच्या यादीत स्थान दिलं. ही चांगली सुरुवात आहे. पण ‘अँब्युलन्सवरचा पोऱ्या’ ही ओळख पुसायला कायदा पुरत नाही. नोंदणी, ठरावीक दर्जाचं प्रशिक्षण, कामाचे तास, बढतीची वाट आणि पोट भरेल असा पगार लागतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यांवरच्या अपघातांत मेली. तो आकडा कमी करायचा तर रुग्णालयांच्या इमारतींइतकाच खर्च या हातांवर करावा लागेल.

आणि काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याने नाव सांगावंच अशी सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही. त्याच कायद्यात अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. 108ला फोन केल्यावर गाव, पाटी, देऊळ, पेट्रोल पंप अशा खुणा सांगा आणि समोरून फोन ठेवेपर्यंत ठेवू नका. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा करा. छातीवर दाब द्यायला शिका. ते अर्ध्या दिवसात शिकता येतं. गाडी कितीही वेगाने आली तरी पहिली चार-पाच मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात. ईएमटीच्या क्रमातली पहिली पायरी त्याला करता आली, तर उरलेल्या पायऱ्यांना अर्थ राहतो.